सरईचा भुंगेरा आणि जंगलाची राखण

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



ह्या शिबिराच्या विषयपत्रिकेत पाटबंधारे आहेत, सहकार आहे, शेतमजुरांचे किमान वेतन आहे. त्यांच्या रांगेत ‘जंगलांवरील कीड व रोग’ हा विषय पाहून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. कीड हा कृषी महाविद्यालयातील प्राध्यापकांचा विषय, राजकीय पक्षाच्या शिबिरात त्याचे काय काम, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. मी कीटकशास्त्रज्ञ नाही, आणि तसा आवही आणणार नाही. परंतु जंगलात कीड पडली की ती पहिल्यांदा कोणाला दिसते, दिसल्याचे कोणाला उघडपणे सांगता येते, ती काढण्याचे कष्ट कोण उपसतो आणि त्या निमित्ताने तोडलेल्या लाकडाचा पैसा कोणाच्या तिजोरीत जातो, हे चार प्रश्न कीटकशास्त्राचे नव्हेत. ते श्रमाचे आणि सत्तेचे प्रश्न आहेत. जंगलाच्या मोर्च्यात आपण जमिनीच्या पट्ट्यांची मागणी करतो, तेंदूपानांच्या दराची मागणी करतो. झाडाच्या प्रकृतीविषयी मात्र आपल्या निवेदनांत एक ओळही नसते. ती का असावी, एवढेच मला आज मांडावयाचे आहे.

सर्वसामान्य विधाने करण्यापेक्षा एका झाडाची आणि एका किड्याची हकीकत सांगतो. झाड आहे साल. मराठीत साल म्हणजे वर्षही होते आणि झाडाची त्वचाही होते, तेव्हा घोटाळा नको म्हणून मंडला-डिंडोरीकडचे लोक त्याला जे म्हणतात ते ‘सरई’ हेच नाव मी वापरतो. महाराष्ट्रात सरई जवळजवळ नाहीच. आपला प्रदेश सागाचा. पण गोंदिया ओलांडून बालाघाट-मंडल्याच्या दिशेने निघाले की सागाचे राज्य हळूहळू संपते आणि मैकलच्या डोंगररांगांत, थेट नर्मदेच्या उगमापर्यंत, सरईचे सुरू होते. ह्या झाडाच्या पानांच्या पत्रावळी होतात, बियांचे तेल निघते, खोडातून राळ मिळते, घराला खांब मिळतो. गोंड आणि बैगा ह्यांच्या संसारात सरई नाही असा कोपरा सापडणे कठीण. इंग्रजांना मात्र तिच्यात एकच वस्तू दिसली : रेल्वेच्या रुळांखालचा स्लीपर. १८६४ साली वनखाते स्थापन झाले त्यामागे ह्या स्लीपरांची भूक मोठी होती.

आता किडा. इंग्रजीतून आलेले त्याचे चालू नाव ‘साल बोरर’. आपण त्याला सरईचा भुंगेरा म्हणू. गडद तपकिरी रंग, लांबीला बोटाएवढा, आणि नराच्या मिशा अंगापेक्षा लांब. वर्षाला एकच पिढी. मृगाचा पाऊस पडला की हा भुंगेरा झाडाच्या पोटातून भोक पाडून बाहेर येतो. खोडाच्या सालीवर जेथे जखम असेल, चीर असेल, तेथे मादी अंडी घालते. आठवडाभरात अळ्या निघतात आणि सालीखाली शिरतात. आधी सालीलगतचे रसदार लाकूड, मग आतला गाभा, असे पोखरत त्या हिवाळ्यापर्यंत खोडात खोल जातात, तेथेच कोष करतात, आणि भुंगेरा होऊन पुढच्या पावसाची वाट पाहत आत बसून राहतात. म्हणजे वर्षातले सुमारे दहा महिने हा शत्रू झाडाच्या आत असतो. तो बाहेर दिसतो तो पावसाळ्याच्या आठ-दहा आठवड्यांपुरता.

ह्या दहा महिन्यांत त्याचा पत्ता लागतो तो एका खुणेवरून. पोखरलेल्या लाकडाचा भुसा भोकांतून बाहेर पडतो आणि बुंध्याशी साठतो. श्रावण-भाद्रपदात प्रथम सालीवर राळेचे थेंब दिसतात, त्याखाली चिमूटभर पीठ पडल्यासारखे दिसते; कार्तिकापर्यंत काही झाडांच्या बुंध्याशी सुपभर ढीग होतो. मग शेंडा वाळू लागतो. वनखात्याने ह्या खुणांवरून रोगी झाडांची प्रतवारी ठरवलेली आहे : शेंडा हिरवा आहे की वाळला, भुसा किती, राळ वाहते की थांबली. ह्या प्रतवारीचे मर्म असे की सगळी किडलेली झाडे मरत नाहीत. सरईचे निरोगी झाड स्वतःचे रक्षण स्वतः करते. अळी सालीत शिरली की त्या जागी राळ धावून येते आणि तिच्यात अळी बुडून मरते. एका झाडावर थोड्या अळ्यांचा हल्ला झाला तर झाड जिंकते. हजारोंचा झाला तर राळ पुरत नाही आणि झाड हरते. एरवी हा भुंगेरा मरणोन्मुख झाडांवर, वादळाने पडलेल्या खोडांवर, तोडून टाकलेल्या ओल्या ओंडक्यांवर पोट भरून राहतो आणि जंगलाच्या व्यवहारात भंगारवाल्याचे काम करतो. त्याची संख्या एका मर्यादेपलीकडे गेली म्हणजेच तो उभ्या, धडधाकट झाडांवर चालून जातो.

मर्यादा केव्हा ओलांडली जाते ह्याचे एकच उत्तर नाही. अवर्षणाने झाडे दुबळी होतात. लागोपाठ ओल्या, दमट पावसाळ्यांत भुंगेऱ्याला अनुकूल दिवस मिळतात. झाडे फार वयस्क आणि दाटीने उभी असतील तर भर पडते. परंतु माणसाच्या हातात असलेले एक कारण खात्याला शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. तोडलेला ओंडका पावसाळ्यात जंगलात पडून राहिला की तो भुंगेऱ्याचे पाळणाघर होतो. म्हणून पाऊस लागण्यापूर्वी तोडलेले सर्व लाकूड जंगलाबाहेर काढावे आणि पावसाळ्यात सरई तोडू नये, हा जुना नियम आहे. नियम उत्तम आहे. तो पाळण्यासाठी वेळेवर मजूर लागतो, बैलगाडी किंवा ट्रक लागतो, आणि कंत्राटदाराला जाब विचारणारा कोणी तरी लागतो.

मंडल्याच्या जंगलात ह्या भुंगेऱ्याची मोठी साथ १९२० च्या दशकात येऊन गेली होती. त्यानंतर लहानमोठे उद्रेक इतरत्रही झाले. पण आजच्या पिढीच्या आठवणीतली साथ १९९७-९८ ची. तेव्हाच्या अखंड मध्य प्रदेशातील मंडला, डिंडोरी, शहडोल, बालाघाट, बिलासपूर ह्या पट्ट्यात सरईची तीस लाखांच्या आसपास झाडे किडली. साथ एका रात्रीत येत नाही. वर्षाला एक पिढी हा हिशेब ध्यानात घेतला तर ती डोळ्यांत भरण्याआधी दोन-तीन पावसाळे तरी वाढत असली पाहिजे. त्या दोन-तीन वर्षांत बुंध्याशी भुसा साठतच होता. तो कोणालाच दिसला नाही असे मानणे कठीण आहे. जंगलातून रोज लाकूडफाटा, मोहफुले, कंदमुळे आणणारी माणसे त्या झाडांखालून जात होती.

साथींनो, येथे मी क्षणभर थांबतो, कारण माझ्या म्हणण्याचा गाभा येथे आहे. १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या सव्विसाव्या कलमानुसार राखीव जंगलात विनापरवाना शिरणे हाच गुन्हा आहे. ज्या बाईने आत भुसा पाहिला तिने तो वनरक्षकाला सांगणे म्हणजे ‘मी काल राखीव जंगलात होते’ अशी कबुली देणे. दंड, लाच, जप्त झालेली कुऱ्हाड, हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या घेतलेला माणूस अशी कबुली कशासाठी देईल? शासनाने जंगलातल्या सर्वांत जास्त डोळ्यांना पाहण्याची बंदी केली, आणि मग पाहण्यासाठी एक वनरक्षक नेमला. त्याच्याकडे अनेक चौरस किलोमीटरांचे बीट दिले, त्याच्यावर वणवा, चोरटी तोड, शिकार, रोपवन, पंचनामे आणि साहेबांची सरबराई एवढी कामे लादली. त्या बिचाऱ्याने बुंध्याशी वाकून भुसा केव्हा तपासावा? मी वनरक्षकांची कुचेष्टा करीत नाही. तोही शासनाने पिळलेला कामगारच आहे, आणि त्याची संघटना आपली आहे.

साथ उघड झाल्यावर काय झाले ते पाहा. भुंगेरा मारण्याचा जो उपाय आजही सर्वांत परिणामकारक समजला जातो तो कोणत्याही यंत्राचा नव्हे, हातांचा आहे. त्याला ‘सापळा-वृक्ष’ म्हणतात. पावसाळ्याच्या आरंभी सरईचे एखादे रोगी, टाकाऊ झाड तोडतात, त्याचे ओंडके करतात, टोकांकडची साल ठेचून सैल करतात. त्यातून रस पाझरतो. त्याच्या वासाने लांबलांबचे भुंगेरे ओढले जातात, रस पिऊन सुस्त होतात आणि ठेचलेल्या सालीखाली गर्दी करतात. गावकऱ्यांनी पहाटे, संध्याकाळी जाऊन ते वेचायचे, मुंडकी मोडायची, मोजून द्यायची. काही दिवसांनी ओंडका पुन्हा कापून, पुन्हा ठेचून ताजा करायचा. युक्ती अप्रतिम आहे. विषाचा एक थेंब न वापरता भुंगेऱ्याला त्याच्याच तहानेने पकडण्याची ही रीत. देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेतील कीटकशास्त्रज्ञांनी तिचा पुरस्कार केला, त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण ती चालते कोणाच्या बळावर? भर पावसात, चिखलात, लेकराला पाठीशी बांधून भुंगेरे वेचणाऱ्या गोंड-बैगा स्त्रीपुरुषांच्या बळावर. त्यांना मजुरी मिळे ती दिवसाची नव्हे, भुंगेऱ्याच्या नगाची. नगाला काही पैसे.

नगावरच्या मजुरीचे अर्थशास्त्र विडी कामगारांत काम केलेल्या साथींना समजावून सांगण्याची गरज नाही. येथे तर तिच्यात एक जादा विकृती आहे. भुंगेरे भरपूर असतील तेव्हा मजुरी भरपूर. जसजशी साथ ओसरते तसतसे दिवसभर हिंडूनही हाती चार नग लागतात आणि चार नगांचेच पैसे मिळतात. ज्या वर्षी थोडे भुंगेरे वेचून साथ उगवत्यालाच खुडता आली असती त्या वर्षी वेचणाऱ्याला पोटापुरतेही मिळत नाही. जंगल मरू लागले की मिळू लागते. शत्रूची मुंडकी मोजून पैसे देणारे शासन, शत्रू येऊ न देणाऱ्या राखणदाराला काहीच देत नाही. साथ येण्यात ज्याचा घास आहे त्याने साथ रोखावी अशी अपेक्षा ह्या पद्धतीत गृहीत धरलेली आहे. बैगांनी तरीही आपल्या जंगलावर प्रेम केले हा त्यांचा मोठेपणा, योजनेचा नव्हे.

दुसरा भाग तोडीचा. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात देशभर जंगलतोडीवर कडक बंधने घातली होती. त्यामुळे पुढच्याच वर्षी साथ उसळली तेव्हा किडलेली झाडे तोडायची की नाही, तोडायची तर कोणत्या प्रतीची, हा वाद न्यायालयापुढे गेला. एका बाजूचे म्हणणे, आतले भुंगेरे पावसाळ्यात बाहेर पडण्याआधी झाड तोडून हलवलेच पाहिजे, नाही तर शेजारची दहा झाडे जातील. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, थोडी किडलेली झाडे सावरू शकतात आणि किडीचे निमित्त करून उभे जंगल लाकूडबाजारात जाईल. दोन्ही म्हणण्यांत सत्य होते. रोगी झाड वेळेवर काढणे हे खरोखर आवश्यक असते. आणि कोणते झाड रोगी हे ठरवणारा व त्याचे लाकूड विकणारा एकच असला की शंका येणे अटळ असते. दवाखाना आणि स्मशानातला लाकडाचा ठेका एकाच मालकाकडे असावा तसा हा प्रकार. हातोड्याचा शिक्का कोणत्या खोडावर पडतो हे पाहण्यासाठी गावचे चार लोक कायद्याने तेथे उभे असते तर वाद न्यायालयाच्या पायरीपर्यंत जाण्याचे कारण उरले नसते, असे माझे मत आहे.

ह्या ठिकाणी आपल्यातील उत्साही मित्रांना एक इशारा द्यावासा वाटतो. ‘भुंगेरा ही भांडवलशाहीची निर्मिती’ अशी घोषणा फार सोपी आहे, आणि ती खोटी आहे. भुंगेरा वनखात्याच्या आधीचा आहे. सरई निसर्गतःच आपल्याच जातीच्या घोळक्याने वाढते, त्यामुळे तिच्या जंगलात साथ पसरण्याची सोय मुळातच आहे. ‘पूर्वी लोकांच्या हाती जंगल होते तेव्हा कीड नव्हती’ हेही आपण सिद्ध करू शकत नाही. आपण जे म्हणू शकतो ते एवढेच, पण ते पुरेसे आहे : साथीची सुरुवात ओळखणे हे काम हजारो डोळ्यांचे आहे, आणि १८७८ च्या वन कायद्यापासून शासनाने ते डोळे बंद करण्याचेच काम केले. १८९० साली बैगांची बेवर शेती एका ‘बैगाचका’त कोंडण्यात आली, कारण दिले जंगलाच्या रक्षणाचे. कुऱ्हाडीने डोंगर उतारावर चार वर्षे शेती करून पुढे सरकणारा बैगा जंगलाचा शत्रू ठरला, आणि त्याच जंगलातून स्लीपर नेणारा कंत्राटदार खात्याचा भागीदार ठरला.

सागाकडे वळतो, कारण तो आपल्या घरचा. सरईचे घोळके निसर्गाने केले. सागाचे आपण केले. १८४० च्या दशकात केरळातील निलंबूर येथे सागाची लागवड सुरू झाली आणि एकाच जातीचे, एकाच वयाचे जंगल हा आदर्श मानला गेला. ह्या सागावर पाने खाणारी एक अळी येते. पावसाळ्याच्या तोंडाशी कोवळी पालवी फुटली की पतंगांचे थवे उतरतात आणि दोनेक आठवड्यांत टेकड्यांच्या टेकड्या निष्पर्ण होतात. झाड मरत नाही, पुन्हा पालवते. म्हणून ह्या किडीकडे कित्येक वर्षे कोणी गंभीरपणे पाहिले नाही. केरळच्या वनसंशोधन संस्थेने निलंबूरला पाच वर्षे मोजमाप करून १९८५ साली दाखवून दिले की कोवळ्या रोपवनांत लाकडाच्या संभाव्य वाढीपैकी ४४ टक्के वाढ ही अळी खाऊन टाकते. त्याच संशोधकांना आणखी एक गोष्ट आढळली, आणि आपल्या दृष्टीने ती अधिक मोलाची. साथ एकदम सर्वत्र उगवत नाही. पावसाळ्यापूर्वीच्या वळिवाच्या सुमारास ती प्रथम लहान लहान तुकड्यांत दिसते, आणि तेथे वाढलेले पतंग पुढे सर्व रोपवनांवर जातात. ते तुकडे वेळीच हेरले तर तेवढ्यापुरताच उपाय करता येतो. उपायही सापडलेला आहे : ह्या अळीलाच मारणारा, इतर जिवांना न बाधणारा एक विषाणू, जो मेलेल्या अळ्यांपासून तयार करून फवारता येतो. शास्त्रज्ञांनी आपले काम चोख केले. राहिले ते एप्रिलमध्ये टेकडीवर चढून ‘येथे अळी लागली’ असे कळवणे. विषाणू बाटलीत भरता येतो. टेकडीवरचा माणूस मात्र आज हाकलून उद्या हजर करता येत नाही.

महाराष्ट्रात १९७४ साली वनविकास महामंडळ स्थापन झाले आणि चंद्रपूर-भंडाऱ्याकडील मिश्र जंगले तोडून त्या जागी साग लावण्याचा सपाटा सुरू झाला. मोह, चार, बेहडा, तेंदू गेले आणि सागाच्या रांगा आल्या. पावसाळा सरत असताना विदर्भातून रेल्वेने जाणाऱ्याला सागाची जंगले कधी कधी भाजल्यासारखी तपकिरी दिसतात; ती पानांची जाळी करणाऱ्या दुसऱ्या एका अळीची करणी. तिच्याने नुकसान थोडे होते, तिची फार भीती बाळगण्याचे कारण नाही. पण मिश्र जंगलात त्या अळीला एका सागाकडून दुसऱ्याकडे जाताना मध्ये दहा परकी झाडे लागतात, आणि त्या झाडांवर तिला खाणारे पक्षी आणि गांधीलमाश्या नांदतात, हे समजण्यास विद्यापीठाची पदवी लागत नाही. झारखंडातील सिंगभूमच्या आदिवासींनी १९७८ साली सरई तोडून साग लावण्याविरुद्ध आंदोलन केले, सागाची रोपे उपटली, पोलिसांचा मार खाल्ला. तेव्हाच्या वृत्तपत्रांनी त्यांना विकासविरोधी ठरवले. मोहासाठी आणि सरईच्या बियांसाठी ते भांडत होते हे खरे. पण एकाच जातीचे जंगल लावू नका हे त्यांचे म्हणणे कीटकशास्त्राच्या कसोटीवरही उतरते.

सुबाभळीची आठवण येथे सहज येते. १९७० आणि ८० च्या दशकांत तिचे केवढे स्तोम माजले होते! चारा, सरपण, खत, सर्व काही एका झाडात. मोठ्या तळमळीच्या माणसांनी तिचा प्रसार केला, त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. १९८८ मध्ये तिच्यावरचा एक चिमुकला रसशोषक किडा, जो मूळ अमेरिका खंडातला, प्रशांत महासागरातल्या बेटांवरून आशियात पसरत पसरत भारतात येऊन पोचला आणि कोवळे शेंडे गळून पडू लागले. परदेशी झाडाचा शत्रू कधी ना कधी मागोमाग येतोच. बंदरावर आणि विमानतळावर रोपे-बियाणे तपासणारी यंत्रणा बळकट असणे हा म्हणून तुमच्याआमच्याही जिव्हाळ्याचा विषय आहे, एवढे नोंदवून पुढे जातो.

पाहणारी माणसे नसली की शासन वरून पाहू लागते, आणि वरूनच उपाय करू लागते. वरून उपाय केल्यास काय होते ह्याचे उदाहरण केरळच्या कासरगोड जिल्ह्यात आहे. तेथे राज्य शासनाच्याच मालकीच्या महामंडळाने काजूच्या बागांवर सुमारे दोन दशके, २००० सालापर्यंत, हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारले. बागांखाली ओढे होते, विहिरी होत्या, घरे होती. त्या गावांत अपंग, मतिमंद मुले जन्मली, लोक असाध्य रोगांनी खंगले, आणि त्यांचे म्हणणे कोणी मान्य करीपर्यंत एक पिढी गेली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या विषावर बंदी घातली. काजूची बाग म्हणजे जंगल नव्हे, हे मला ठाऊक आहे. परंतु मालक सार्वजनिक क्षेत्र असले म्हणजे अन्याय होत नाही अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी कासरगोडला अवश्य जाऊन यावे. आम्ही समाजवादी म्हणून सार्वजनिक मालकीचा आग्रह धरतो. ज्या मालकीत गावाला बोलण्याचा अधिकार नाही तिला सार्वजनिक म्हणण्याचे बंधन आमच्यावर नाही.

वरून पाहणे म्हणजे उपग्रह. भारतीय वनसर्वेक्षण संस्था १९८१ पासून काम करते आणि १९८७ पासून तिचे अहवाल निघतात. ते उपयुक्त आहेत, वाचले पाहिजेत. पण त्यांतील ‘वनाच्छादन’ ह्या शब्दाचा अर्थ जाणून वाचले पाहिजेत : एक हेक्टरहून मोठ्या जागेवर झाडांच्या छत्राने दहा टक्के जमीन झाकलेली असली की ती जागा त्यात मोजली जाते, मग तो सरईचा रान असो, निलगिरीची लागवड असो की आमराई. उपग्रहाला शेंड्याचा रंग दिसतो. शेंडा पिवळा पडतो तेव्हा अळी गाभ्यात पोचून महिने झालेले असतात. बुंध्याजवळचा चिमूटभर भुसा आकाशातून दिसत नाही. तो पाहण्यासाठी जमिनीवर वाकावे लागते.

मग करावयाचे काय? २००६ च्या वनहक्क कायद्याने आपल्या हाती एक साधन दिले आहे, आणि त्याचा ह्या दृष्टीने उपयोग फारसा झालेला नाही. त्या कायद्याच्या तिसऱ्या कलमात सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क आहे. पाचव्या कलमाने वन, वन्यजीव आणि जैवविविधता राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे, आणि नियमांनुसार ग्रामसभेला त्यासाठी समिती नेमता येते, व्यवस्थापनाचा आराखडा करता येतो. ज्या गावाला हा हक्क मिळाला त्या गावचा माणूस जंगलात गेला तर तो घुसखोर राहत नाही. त्याने ‘भुसा दिसला’ असे सांगणे ही कबुली राहत नाही, ती वर्दी होते. गडचिरोलीतील मेंढा-लेखा हे २००९ साली असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांपैकी एक. त्यानंतर महाराष्ट्रात, विशेषतः गडचिरोलीत, शेकडो गावांनी तो मिळवला. बांबू आणि तेंदूची विक्री ह्या ग्रामसभा स्वतः करू लागल्या. त्यांच्या आराखड्यांत आता झाडांच्या प्रकृतीचे एक पान जोडायचे आहे.

त्यावर नेहमीचा आक्षेप येतो की अडाणी माणसाला कीड काय ओळखता येणार. जो माणूस मोहाच्या एका झाडाला दुसऱ्यापासून चवीने ओळखतो त्याला सरईच्या बुंध्याशी पडलेला भुसा ओळखता येणार नाही, हे म्हणणाऱ्याने एकदा जंगलात जावे. अर्थात सर्व काही गावातच आहे असाही माझा दावा नाही. अळीची जात ठरवणे, विषाणू तयार करणे, भुंगेऱ्यांची संख्या धोक्याच्या पातळीवर गेली की नाही ह्याचे गणित मांडणे, ह्यासाठी जबलपूरच्या उष्णकटिबंधीय वनसंशोधन संस्थेसारख्या संस्था लागतातच. प्रश्न एवढाच की संस्थेचा अहवाल आज वनखात्याच्या कचेरीत जातो आणि तेथेच राहतो. तो ग्रामसभेत मराठीत, गोंडीत, हिंदीत वाचून दाखवला गेला पाहिजे. शास्त्रज्ञ ग्रामसभेला उत्तरदायी असावा असे मी म्हणत नाही. त्याचे निष्कर्ष तिच्या हाती पडावेत, एवढे म्हणतो.

आपल्या मागण्या ह्यातूनच ठरतात. राखणीची मजुरी दिवसाची असावी आणि कीड सापडो न सापडो ती मिळावी. नगावरची पद्धत बंद व्हावी. रोगी झाडावर तोडीचा शिक्का मारताना ग्रामसभेच्या समितीची सही बंधनकारक असावी, आणि त्या लाकडाच्या विक्रीतला वाटा गावाला मिळावा. पावसाळ्यापूर्वी कूप साफ न करणाऱ्या कंत्राटदारावर आणि महामंडळावरही दंड बसावा, व त्याची नोंद गावात लावली जावी. मिश्र जंगल तोडून एकाच जातीचे रोपवन करण्याचा कोणताही प्रस्ताव ग्रामसभेच्या लेखी संमतीवाचून पुढे जाऊ नये. शेवटची मागणी वनरक्षकांच्या रिकाम्या जागा भरण्याची. ती त्यांच्या संघटनेबरोबर मिळून करावयाची आहे, त्यांच्याविरुद्ध नव्हे.

काम मात्र मागणीची वाट पाहणारे नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, मेळघाट आणि नंदुरबारकडील साथींनी वळिवाच्या पावसाआधी आपापल्या गावांत एक फेरी काढावी : कोणत्या कंपार्टमेंटमध्ये तोडलेले लाकूड अजून पडून आहे, कोणत्या सागाच्या कोवळ्या पालवीला अळी लागली आहे, कोठे शेंडा अवेळी वाळला आहे. साधी शाळेची वही पुरे. तारीख, जागा, झाडाची जात, काय दिसले, कोणी पाहिले. दोन प्रती कराव्यात. एक ग्रामसभेत राहील, दुसरी परिक्षेत्र कार्यालयात देऊन पोच घ्यावी. पोचीचा आग्रह सोडू नये. ग्रामसभेत मांडावयाच्या ठरावाचा मसुदा बाहेरच्या मेजावर ठेवला आहे. त्यातील तिसरे कलम राखणदाराच्या रोजच्या मजुरीचे आहे, आणि तेथे आकड्याची जागा कोरी सोडलेली आहे. ती प्रत्येक ग्रामसभेने आपली आपण भरावी.